एका ओवीला एक वात

आमच्या घरात माणसाची पारख दोन गोष्टींवरून होत असे: तो एका बैठकीत किती वाचतो आणि एका पानावर किती जेवतो. दुसऱ्या बाबतीत मी अजून घराण्याचं नाव राखून आहे, हे आमच्या घरची मंडळी थोड्या कुरकुरीनं का होईना, मान्य करतील. पहिल्या बाबतीत मात्र ऐन उमेदीत माझी अशी काही दशा झाली होती की तिची गोष्ट सांगताना मी आजवर सगळं विषमज्वराच्या माथी मारून मोकळा होत आलो. मुलांना सांगितली ती एवढीच. आता पन्नाशी उलटल्यावर लिहायला बसलोच आहे, तर पुरी लिहितो. मुलांनी वाचली तर वाचली. ती हल्ली एका जागी बसून काही वाचतात, असा माझा तरी अनुभव नाही.

आमचं घर कुंभकोणमला, कावेरीकडे उतरणाऱ्या एका अरुंद गल्लीत. समोर ओटा, आत लांबट कूडम, म्हणजे मधला दिवाणखाना. त्याच्या मधोमध छपराला चौकोनी मोकळीक होती. तिच्यातून ऊन खाली उतरे आणि दिवसभर फरशीवरून सरकत सरकत पूर्वेच्या भिंतीवर चढे. घरात घड्याळ होतं. पण ते आप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं. बाकी सगळे त्या उन्हावर चालायचे. मागच्या गल्लीत पितळेची भांडी ठोकणाऱ्यांची घरं होती. सकाळी ती ठोकाठोक सुरू झाली की आई कॉफीच्या बिया भाजायला घेई आणि दुपारी ठोकाठोक घटकाभर थांबली की आम्ही जेवायला बसू. पानावर डांगर पचडी, सार, आणि आप्पा खूश असतील त्या दिवशी अळूचं फदफदं. आप्पा मुन्सफ कोर्टात भाषांतरकार होते. तंजावरचं राज्य जाऊन जमाना झाला होता, पण राज्याचे मोडीतले कागद काही कोणी बरोबर नेले नव्हते. कोणाचं शेत, कोणाचं घर, कोणाच्या देवळाची वहिवाट, सगळ्यांचे दस्त मराठीत, आणि ते वाचणारे दिवसेंदिवस कमी. राजे गेले, कागद राहिले, आणि त्या कागदांवर आमचं पोट भरत होतं. त्यामुळे वाचता येणं ही आमच्याकडे विद्या नव्हती, मडक्यातला तांदूळ होती.

खरा वाचणारा माणूस मात्र आप्पा नव्हेत, त्यांचे थोरले भाऊ तात्या. तात्यांनी नोकरी अशी फारशी केली नाही. पोटी मूल नव्हतं. त्यांनी मला भाताच्या तुसाच्या ताटात बोट धरून अक्षरं गिरवायला शिकवली, आणि मी वाचू लागलो तेव्हा गल्लीभर साखर वाटली. रोज दुपारी, जेवणं उरकून घर निवांत झालं की ते कूडममध्ये पाटावर बसत आणि आमच्या घरची पोथी उघडत. आमच्या पणजोबांनी स्वतः रचून हातानं लिहिलेली ही कृष्णकथेची ओवीबद्ध पोथी. सुटी लांबट पानं, वर-खाली लाकडी फळ्या, लाल फडक्यात बांधलेली. वाचून झालेलं पान उलटं करून डाव्या हाताला ठेवायचं. तात्या गात गात वाचत. आवाज काही गोड नव्हता, आप्पा म्हणत, "दादाचा आवाज ऐकून गोकुळातल्या गाई दूध आटवतील." पण तात्या वाचू लागले की आप्पाही कोर्टाचे कागद बाजूला ठेवून खांबाला टेकत.

समोर काकू बसे. तात्यांची बायको, नीटस, कमी बोलणारी. तिला अक्षर येत नव्हतं. तिच्या एका बाजूला पिंजलेल्या कापसाची टोपली, दुसऱ्या बाजूला पितळी ताम्हन. चिमटीला जराशी विभूती लावून ती फुलवाती वळी. एक ओवी संपली की एक वात ताम्हनात. पुढची ओवी, पुढची वात. अध्याय पुरा झाला की त्या अध्यायाच्या वातींची दोऱ्यानं बांधून एक जुडी करायची, आणि पोथी पुरी झाली की समाप्तीच्या दिवशी सगळ्या जुड्या तुपात भिजवून देवापुढे एकत्र लावायच्या. ही आमच्या घरातल्या बायकांची जुनी रीत. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांचं हे वाचणं. काकूचा नेम कडक होता. ओवी नीट ऐकू आली नाही, बाहेर बैलगाडी गेली, कावळा ओरडला, तर ती हात थांबवी आणि म्हणे, "पुन्हा." तात्या पुन्हा वाचत. न ऐकता वळलेली वात म्हणजे नुसता कापूस, असं तिचं म्हणणं.

शेजारच्या कामाक्षी मामीही ऐकायला येत. त्या तमिळ, मराठीचं अक्षर कळत नसे. पण कंसाचं नाव आलं की बोटं मोडत आणि यशोदेचं नाव आलं की पदर डोळ्याला लावत. इतक्या वर्षांत त्यांचा पदर एकदाही चुकीच्या ठिकाणी डोळ्याला लागला नाही.

आणि मी? मी तेव्हा सतरा वर्षांचा, मॅट्रिकच्या वर्गात, आणि स्वतःला फार मोठा वाचक समजणारा. जेवताना वाचायचो, चालताना वाचायचो, एकदा वाचता वाचता देवळाच्या तळ्याच्या पायऱ्या संपल्या हेही कळलं नव्हतं. लोक मला ओला घेऊन घरी आले तेव्हा पुस्तक मी डोक्यावर धरलेलं होतं, अशी आख्यायिका आहे. ती मीच पसरवली.

त्या वर्षी भाद्रपदात गल्लीत ताप आला आणि आमच्या घरात पहिला मला आला. एकवीस दिवस. त्यातलं मला फारसं आठवत नाही. आठवतो तो ताडाच्या पंख्याचा आवाज. पंखा तात्यांच्या हातात असे. डॉक्टरनं सांगितलं होतं, पोराजवळ फार बसू नका. तात्यांनी ते ऐकून घेतलं आणि पाट जरा जवळ ओढला. दुपारची पोथी झाली की ते माझ्या उशाशी येऊन बसत ते दिवे लागेपर्यंत. बाविसाव्या दिवशी माझा ताप उतरला, आणि त्याच दुपारी पोथी वाचता वाचता तात्यांना हुडहुडी भरली. अध्याय अर्धवट राहिला होता. अक्रूर आलेला, रथ जुंपून दारात उभा, कृष्ण आता निघणार. अध्याय अर्धा टाकून उठायचं नाही हा नेम. पण पान हातात थरथरू लागलं. त्यांनी त्या जागी तुळशीचं पान ठेवलं, पोथी बांधली आणि म्हणाले, "उद्या वाचू."

हे सगळं मला मागाहून कळलं. मी आतल्या खोलीत कंजी, म्हणजे तांदळाची पातळ पेज, पीत पडलो होतो. तात्या का येत नाहीत, असं विचारलं की आई म्हणे, "गोविंदपुरम्‌ला गेलेत, भजनाला." आठ दिवस गेले, दहा दिवस गेले. मी चिडलो होतो. मला बरं वाटू लागलं तर हे तिकडे टाळ कुटत बसलेत. मग एका सकाळी काकू माझी कंजी घेऊन खोलीत आली. तिचं कपाळ मोकळं होतं. तिनं वाटी ठेवली, मला उठवून बसवलं, पाठीला उशी लावली आणि म्हणाली, "गरम आहे, फुंकून पी." मी प्यालो. दुसरं काय करणार होतो.

त्यानंतर मला वाचता येईना.

अक्षर दिसत होतं, कळत होतं. पण एक ओळ वाचून दुसरीवर गेलो की पहिली नाहीशी. तीच ओळ पुन्हा. तिसऱ्यांदा. मग कान पितळेच्या ठोक्यांकडे, डोळे उन्हाच्या चौकोनाकडे, आणि पाय आपोआप विहिरीकडे, पाणी प्यायला. त्या काळात मी इतकं पाणी प्यालो की आई म्हणाली, कावेरीचं पात्र यंदा ह्याच्यामुळेच खाली गेलं. मॅट्रिकची परीक्षा जवळ येत होती. आप्पांना संशय येऊ नये म्हणून मी पुस्तक मांडीवर घेऊन बसत असे आणि मनात वीस आकडे मोजून पान उलटत असे. एकदा आप्पांनी मागून येऊन विचारलं, "काय आहे रे त्या पानावर?" मी म्हणालो, "इंग्रजी." ते आत निघून गेले. कोर्टात आयुष्य काढलेला माणूस. खोटा साक्षीदार त्यांना पायऱ्या चढतानाच कळत असे.

त्या संध्याकाळी त्यांचं आईशी बोलणं चाललेलं मी ऐकलं. "परीक्षेचं राहू दे," ते म्हणत होते. "पण वाचता येत नसेल तर ह्याचं करायचं काय? आपल्याकडे नांगर नाही, दुकान नाही. आपल्याकडे डोळे होते."

डॉक्टर म्हणाला, तापानं मेंदू थकलाय, येईल हळूहळू. मीही तेच सांगत सुटलो. ताप, ताप. पण कोणतंही पुस्तक उघडलं की मला पंख्याचा आवाज ऐकू यायचा, आणि मी पुस्तक मिटेपर्यंत तो थांबायचा नाही, हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं.

मार्गशीर्षात एके दिवशी जेवणं झाल्यावर काकूनं पाट मांडला. तात्यांचा पाट. आम्ही बघतच राहिलो. तीन महिने तो भिंतीशी उभा होता. आप्पा म्हणाले, "वहिनी, मी तंजावरहून कोणी पुराणिक बोलावतो. चांगला आवाज असलेला."

"चांगला आवाज मला काय करायचाय, भावजी? मला सवय नाही." मग ती माझ्याकडे वळली. "रघू, इकडे ये. बस."

"काकू, मला वाचता येत नाही हल्ली."

"ठाऊक आहे."

"मग?"

"त्यांनी रथ जुंपून ठेवलाय, रे. तीन महिने झाले. घोडे किती दिवस उभे राहतील?"

कामाक्षी मामींनी मला दंडाला धरून पाटावर बसवलं. "उक्कारु, तंबी," बस, बाळ, असं म्हणत. मामींनी दंड धरणं म्हणजे काही विनंती नसे. मी फडकं सोडलं. तुळशीचं पान वाळून काळं झालं होतं. हात लावताच त्याचा चुरा झाला. काकूनं टोपलीतून कापसाचे थोडे पुंजके काढून समोर ओळीनं मांडले.

"दहा आहेत," ती म्हणाली. "दहा वातींपुरतं वाच. अकरावी मी वळणार नाही, आणि तूही वाचायची नाहीस."

दहा ओव्या. मला हसू आलं, आणि चौथ्या ओवीला घाम आला. पण एक गोष्ट होती. पुस्तक एकट्यानं वाचताना मन निसटलं तर कोणाला कळत नाही. इथं समोर एक हात होता. माझं लक्ष सुटून ओवी पुटपुटली गेली की तो हात थांबे. "पुन्हा." मी पुन्हा वाची. वात ताम्हनात पडली की माझ्या जिवात जीव येई. दहावी वात पडली तेव्हा मी विहिरीवर जाऊन एक लोटा पाणी प्यालो, ते मात्र खरोखरच्या तहानेनं.

दुसऱ्या दिवशी दहा. तिसऱ्या दिवशी दहा. चौथ्या दिवशी पुंजके पंधरा होते. मी पाहिले आणि वाचायला घेतलं. आणि पाचव्या दिवशी पुढची पानं माझ्या डोळ्यांपुढे आली. रथ हलणार होता. यशोदा दाराशी येणार होती. तात्या ह्या जागी नेहमी थांबत, चष्मा काढून उपरण्यानं पुसत, आणि आप्पा दरवर्षी म्हणत, "दादाच्या चष्म्याला गोकुळातच बरी धूळ लागते." मी पान हातात घेतलं. पहिल्या दोन शब्दांतच पंखा ऐकू येऊ लागला. मी डोकं वर केलं नाही. ते पान, त्याखालचं आणि त्याखालचं, अशी तीन पानं एकदम उचलून मी उलटी करून डावीकडे ठेवली आणि चौथ्यापासून वाचू लागलो. कृष्ण मथुरेच्या वेशीत शिरला.

काकूचा हात क्षणभर थांबला असं मला वाटलं. पण ती "पुन्हा" म्हणाली नाही. कापसाचा पुंजका उचलून तिनं वात वळली. मामी मात्र पदर हातात धरून बसल्या होत्या, आणि तो तसाच हातात राहिला. जाताना ओट्यावर त्या आईला तमिळमधून म्हणाल्या, "ह्या वर्षी यशोदा रडली नाही वाटतं." आई म्हणाली, पोरगा नवा आहे, त्याला रडवता येत नसेल.

त्यानंतर वाचन चालू राहिलं आणि, खोटं कशाला बोलू, मला जमू लागलं. पंधराच्या वीस, विसाच्या तीस. कधी उतार पडे. थंडी-ताप आला, पाहुणे आले, की पुन्हा दहावर. काकू पुंजके मांडी आणि मी ते न मोजायला शिकलो. पौषात एकदा ऊन फरशीवरून भिंतीपर्यंत पोचलं आणि मला ठोकाठोक ऐकू आली नव्हती असं मागाहून लक्षात आलं. शाळेची पुस्तकं मी काकूजवळ बसूनच वाचू लागलो. इंग्रजी वाक्य संपलं की ती वात वळी. त्या वाती ती तुळशीपुढच्या पणतीत घाली, म्हणे, "साहेबाच्या भाषेतली वात देवापुढे कशाला, तुळशीपुढे चालेल." एक मात्र राहिलं. अख्खा अध्याय मी न उठता कधीच वाचला नाही. शंभर ओव्यांच्या आसपास आलो की पाय विहिरीकडे. आणि दर अध्यायाच्या आरंभी मला ती तीन पानं आठवत. कोणाला कळलं नाही, असं मी स्वतःला सांगे. तिला अक्षर येत नाही, असंही सांगे. हे दुसरं वाक्य मी मनात म्हटलं होतं, ह्यानं आज इतक्या वर्षांनी लिहितानाही मान खाली जाते. जिनं ती पोथी तीस वर्षं बोटांनी वाचली होती, तिला.

चैत्रात पोथी पुरी झाली. समाप्तीला गल्लीतली पाच-सहा घरं, आमचे उपाध्याय, आणि गोविंदपुरम्‌चे दोन भजनी आले होते. स्वयंपाकघरात आईनं पुरण शिजवून ठेवलं होतं. कूडमभर वेलदोड्याचा वास. देवापुढे मोठं पितळी पात्र, त्यात तूप. रीत अशी की घरातल्या कर्त्या पुरुषानं एकेका अध्यायाच्या शेवटी लिहिलेली ओव्यांची संख्या वाचायची आणि बाईनं त्या अध्यायाची जुडी पात्रात सोडायची. इतर घरी हे नावापुरतं असे. आमच्याकडे ते आप्पांच्या हाती आलं होतं, आणि आप्पा मुन्सफ कोर्टातले. त्यांनी चष्मा लावला, आणि जुडी तळहातावर तोलून पाहिल्याशिवाय एकही पुढे सरकू दिली नाही.

मग तो अध्याय आला. त्याच्या दोन जुड्या होत्या. एक लाल दोऱ्याची, तात्यांच्या आवाजावर वळलेली. दुसरी पांढऱ्या दोऱ्याची, माझी. "ओव्या दोनशे बारा," आप्पांनी वाचलं. "दादाच्या बहात्तर. म्हणजे रघूच्या एकशे चाळीस." त्यांनी पांढऱ्या दोऱ्याची जुडी उचलली, तोलली, पुन्हा तोलली. "वहिनी, ही एवढीशी?"

काकू म्हणाली, "त्या दिवसांत माझी बोटं दुखत होती. सुटल्या असतील काही वाती."

"काही? निम्म्याला थोड्या वर आहेत ह्या."

"माझीच चूक, भावजी. राहू द्या."

तीस वर्षांत काकूची एक वात चुकली नव्हती, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी दुसरीकडे पाहिलं. दुःखानं बाई खचली, असं त्यांच्या तोंडावर होतं. उपाध्याय भले माणूस, ते म्हणाले, "त्यात काय एवढं? आता चार बायका बसा, साठ वाती वळा. देव काय मोजायला येतोय?"

काकू म्हणाली, "न ऐकता वळलेली वात नुसता कापूस, गुरुजी." आणि तिनं ती रोड जुडी आप्पांच्या हातातून घेतली, पात्रात सोडायला.

"मी पानं गाळली," मी म्हणालो.

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. आप्पांनी चष्म्यावरून पाहिलं. मी म्हणालो, "तीन पानं. यशोदेची. काकूची बोटं दुखत नव्हती."

मला वाटलं होतं आप्पा ओरडतील. ते खाली बसले. काकूनं ती जुडी बाजूला ठेवली, देव्हाऱ्यामागे हात घातला आणि एक करंडी काढली. तिच्यात स्वच्छ पिंजलेला कापूस होता. नवा. केव्हापासून ठेवला होता, कोण जाणे.

"तुला कळलं होतं?" मी विचारलं.

"रथ निघाल्यावाचून मथुरेला पोचला. मला कळायचं नाही?"

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"बोलले असते तर तू उठला असतास. पुन्हा बसला नसतास." तिनं चिमटीला विभूती लावली. "तेव्हा तुला तेवढंच झेपत होतं. आता वाच. रथ उभा आहे तिथपासून, अध्याय संपेपर्यंत."

आई दाराशी आली होती. पुरण निवत होतं, पानं मांडून झाली होती, मंडळी भुकेली. कामाक्षी मामींनी सगळ्यांना हातानंच खाली बसवलं. मी पाटावर बसलो. तात्यांनी तुळशीचं पान ठेवलं होतं त्या ओवीवर बोट ठेवलं, आणि वाचू लागलो.

पहिल्या ओव्या गेल्या. वात, वात, वात. रथाजवळ गोप जमले. पंखा ऐकू येऊ लागला. मी वाचत राहिलो. यशोदा दाराशी आली. आमच्या पणजोबांनी तिथं तिला फार बोलू दिलेलं नाही. ती पोराला एवढंच म्हणते की वाटेत ऊन लागेल. त्या ओवीपाशी माझं बोट थांबलं. तोंड उघडं, आवाज नाही. पान दिसत होतं, अक्षर न् अक्षर दिसत होतं. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. कोणी खोकलं नाही. काकू "पुन्हा" म्हणाली नाही.

मग ती अगदी हळू, फक्त मला ऐकू येईल असं, म्हणाली, "जवळ बसू नका म्हणून मीही सांगितलं होतं त्यांना. म्हणाले, पोरगं एकटं आहे. ते आपणहून बसले होते, रघू."

मी डोळे पुसले नाहीत. हातात पान होतं. त्याच ओवीपासून मी पुढे वाचू लागलो. मागच्या बाजूला मामींच्या नाकाचा आवाज आला आणि मला कळलं की पदर डोळ्याला लागला. रथ हलला. धूळ उडाली. गोप मागे फिरले. दुसरं पान, तिसरं पान, मग चौथं, जे मी पूर्वी वाचलं होतं आणि जे आता पहिल्यांदाच वाचत असल्यासारखं वाटत होतं. कृष्ण मथुरेच्या वेशीत शिरला, आणि ह्या खेपेला तो कुठून तरी आला होता. पंखा केव्हा थांबला ते मला कळलं नाही. अध्यायाची शेवटची ओवी वाचून मी मान वर केली तेव्हा ऊन फरशी ओलांडून पूर्वेच्या भिंतीवर चढलेलं होतं. भजनी मंडळींपैकी एक जण खांबाला टेकून झोपला होता. मला तहान लागली नव्हती.

इथं एक कबुली देतो. त्यानंतर मी मॅट्रिक झालो, आप्पांच्या जागी कोर्टात लागलो आणि आयुष्यभर मोडी कागद वाचले. पण वाचताना माझा उजवा हात कधी स्वस्थ राहिला नाही. कोटाच्या खिशात कापूस असतो. मुन्सफांनी एकदा विचारलं, हे काय? मी सांगितलं, कानासाठी. हल्ली वर्तमानपत्र चाळता चाळता मन पुन्हा पूर्वीसारखं उड्या मारू लागलं की मी समोर दहा पुंजके मांडतो. घरात मला हसतात. हसणाऱ्यांच्या समया मात्र माझ्याच वातींवर जळतात.

तर, त्या समाप्तीच्या दिवशी काकूनं नव्या वातींची जुडी बांधली, पांढऱ्याच दोऱ्यानं, आणि आप्पांपुढे धरली. आप्पा म्हणाले, "राहू दे, वहिनी." ती म्हणाली, "मोजा." तेव्हा आप्पांनी मोजल्या. सगळी मंडळी भुकेनं व्याकूळ, आणि कोर्टातला माणूस एकेक वात बाजूला काढतोय. शेवटी त्यांनी चष्मा वर सरकवला.

"एकशे एक्केचाळीस. एक जास्त आहे."

"असू दे."

"ओव्या एकशे चाळीसच आहेत, वहिनी. मी पाहिलंय. न ऐकता वळत नाहीस ना तू?"

काकूनं जुडी परत घेतली, तुपात बुडवली आणि लाल दोऱ्याच्या जुडीला लागून ठेवली.

"तो थांबला होता ना मध्ये," ती म्हणाली. "तेही ऐकलं मी."